हिंदी मुलांची वेगळी तुकडी करू का?

वाचक लिहितात: पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक पट्ट्यात जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा आहे. जूनपासून मी तिथे मुख्याध्यापक आहे. पट १८६, शिक्षक माझ्यासह सहा. निम्मी मुलं बाहेरून आलेली. उत्तर प्रदेश-बिहारची जास्त, काही तेलुगू, काही कन्नड बोलणारी, चार नेपाळी, शिवाय मराठवाड्यातून आलेली बंजारा कुटुंबं. चौथी-पाचवीतल्या बऱ्याच मुलांना धड वाचता येत नाही. शिक्षक म्हणतात, ‘मुलांना मराठीच कळत नाही, आम्ही काय करणार?’ दोघं शिक्षक माझ्यापेक्षा वयानं आणि नोकरीनं मोठे आहेत. गावातले पालक म्हणतात, त्या मुलांची वेगळी तुकडी करा, आमच्या मुलांचं नुकसान होतंय. वरून प्रगती विचारली जाते. वेगळी तुकडी करावी का? आणि सुरुवात कुठून करू?

नमस्कार बाई,

आधी तुकडीचं बोलू, कारण त्यावरून गावकरी तुम्हाला लवकरच गाठतील. वेगळी तुकडी करू नका. सात वर्षांचं मूल मराठी शिकतं ते शेजारी बसणाऱ्या, खिचडीच्या पंगतीत बाजूला असणाऱ्या, खेळताना हाक मारणाऱ्या मुलांकडून. वेगळ्या तुकडीत त्याला दिवसभरात मराठी बोलणारं एकच माणूस भेटणार, ते म्हणजे शिक्षक, आणि तेही काही दिवसांत सोयीसाठी हिंदीवर येणार. तेलुगू आणि नेपाळी मुलं तर त्या ‘हिंदी’ तुकडीत दुसऱ्यांदा परकी होतील. शिवाय अशी तुकडी अनुभवी शिक्षक मागून घेत नाहीत, ती नव्यानं आलेल्याच्या गळ्यात पडते आणि पुढच्या जूनमध्ये मोडायला कुणी तयार नसतं. गावच्या पालकांची काळजी खोटी नाही, पण तिचं उत्तर वर्गातल्या शिकवण्यात शोधावं लागेल. दिवसातला एक तास मात्र मुलांची बसण्याची मांडणी बदलायची आहे, ते पुढे येईलच.

‘मराठीच कळत नाही’ या एका वाक्याखाली अगदी वेगवेगळ्या अडचणी झाकल्या जातात. उत्तर प्रदेशातल्या बलियाहून आलेली पाचवीतली मुलगी हिंदीचा उतारा घडाघडा वाचत असेल, तर तिला अआइई गिरवायला बसवणं हा तिचा अपमान आहे. तिला हवा ‘ळ’, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’, ‘दुसऱ्या’तला ऱ्य, चमच्यातला आणि चिमणीतला वेगळा ‘च’, आणि मुख्य म्हणजे शब्दांचे अर्थ. तिच्याच बाकावर बसलेला मुलगा तीन राज्यं फिरूनही कुठल्याच शाळेत टिकला नसेल, तर त्याला कोणतीच लिपी येत नाही. तिसरं एखादं मूल मराठी फर्डं बोलतं, पण वाचत नाही. तिथे भाषेचा दोष नाहीच, शिकवण्यात काहीतरी राहून गेलं आहे. या तिघांना एकच उपाय लागू होत नाही. तेव्हा पहिले पंधरा दिवस फक्त हे वेगळं करण्यात घालवा.

पटावरच्या ‘मातृभाषा’ रकान्यावर विसंबू नका. तिथे पालक ‘हिंदी’ सांगतात, घरात भोजपुरी किंवा मैथिली असते. बंजारा मुलांपुढे तर ‘मराठी’ लिहिलेलं असतं, आणि घरी गोरबोली बोलणारं ते मूल पहिलीत गप्प का बसतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही. पालकांना सरळ विचारा: हा आईशी कोणत्या भाषेत बोलतो? आधी कोणत्या शाळेत, किती महिने गेला? कोणत्या अक्षरात वाचायला शिकला? गावी कधी जाता, छठला की होळीला, आणि किती दिवस? धाकटी भावंडं कोण सांभाळतं? या पाच उत्तरांचा एक कागद प्रत्येक मुलाचा करा आणि वर्गशिक्षकाच्या हजेरीपत्रकात ठेवा. ऑफिसच्या कपाटात ठेवलात तर तो कुणी उघडणार नाही.

मग तोंडी वाचन. दुसरी ते पाचवीची साधारण दीडशे मुलं धरा, एका मुलाला सहा मिनिटं. तुम्ही सहा जण मिळून घेतलंत तर प्रत्येकाच्या वाट्याला पंचवीस मुलं, म्हणजे अडीच तास. रोज अर्धा तास दिला की आठवड्यात काम संपतं. कसोटी साधी ठेवा: अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, आठ-दहा ओळींची गोष्ट. मुलांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या ‘असर’ या देशव्यापी पाहणीत हीच उतरंड वापरतात, तुमच्या शिक्षकांना ती माहीत असेल. आपल्याच वर्गाची चाचणी मात्र कुणी घेऊ नये, अदलाबदल करा. स्वतःच्या वर्गाला आपण नकळत सुचवतो, ओठ हलवतो, ‘काल तर येत होतं’ म्हणून वरची पातळी देतो. जी मुलं आधी हिंदीत शिकली आहेत त्यांना हिंदी परिच्छेदही द्या. बालभारतीची हिंदी, कन्नड आणि तेलुगू माध्यमाची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात, त्यातलंच एक पान पुरे. कन्नड वाचणाऱ्या मुलाला मराठी शाळेत कन्नड पान दिलं की त्याचा चेहरा बघा. त्याला वाचता येतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळतं.

इथे एक सापळा आहे. लहान वर्गांतल्या वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत अशी अपेक्षा आहे. तुमची हिंदी वाचणारी मुलं लिपी एकच असल्यानं मराठीचे साठ शब्द सहज ओलांडतील, आणि अर्थ मात्र एका ओळीचाही लागलेला नसेल. म्हणून नुसता वेग मोजू नका. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा, एक गोष्टीत थेट सापडणारा आणि एक ‘का’चा. उत्तर मुलानं कोणत्याही भाषेत दिलं तरी चालेल. हिंदीत बरोबर उत्तर आलं, तर अर्थ पोचला आहे आणि फक्त मराठी बोलणं उरलं आहे.

गणिताची चाचणी आधी तोंडी आणि वस्तूंवर घ्या, मग कागदावर. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून ‘सत्तेचाळीस दे’ म्हणा. तेलुगू आणि कन्नडमध्ये एकवीसला ‘वीस-एक’ अशा क्रमानं म्हणतात, मराठीत एकक आधी येतो. त्यामुळे ती मुलं ‘सत्तेचाळीस’ ऐकून ७४ लिहितात आणि शिक्षकाला वाटतं स्थानिक किंमत कळली नाही. गठ्ठे बरोबर मांडले आणि लेखन चुकलं, तर अडचण शब्दाची आहे. अशांसाठी ‘चाळीस सात, सत्तेचाळीस’ अशी जोडीनं संख्या म्हणा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात अशा वाचनावरून मोठा वाद झाला होता. तुमच्या वर्गापुरती तरी ही जोडी फार कामाची आहे.

आता तो एक तास. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी मुलं ताजी असताना, दुसरी ते पाचवीची मुलं इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतील. पहिलीच्या शिक्षकांना त्यांच्या वर्गातच राहू द्या. उरलेले चार आणि तुम्ही, असे पाच गट. गोष्ट वाचणाऱ्या गटात चाळीस मुलं असली तरी चालतं, पण अक्षरंही न ओळखणाऱ्यांच्या गटात वीसच्या वर नकोत. हा सर्वांत मागचा गट सर्वांत तयारीच्या शिक्षकाला द्या, किंवा स्वतः घ्या. बहुतेक शाळांत तो गट स्वयंसेवकाकडे जातो आणि तिथेच उपक्रम मरतो.

त्या गटाचा तास असा लावता येईल. पहिली दहा मिनिटं चित्रावर गप्पा, कोणत्याही भाषेत, शिक्षकानं तेच मराठीत म्हणायचं. मग पंधरा मिनिटं फळ्यावरचा चार ओळींचा मजकूर बोट ठेवत सगळ्यांनी मिळून आणि नंतर एकेकानं. पंधरा मिनिटं अक्षरखेळ. अ ते ज्ञ या क्रमानं जाऊ नका. म, क, न, र, ब आणि काना एवढ्यावर काका, मामा, कान, नाक, मका, बाक होतात, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मूल अर्थाचं काही वाचतं. उरलेली वीस मिनिटं लिहिणं: स्वतःचं नाव, घरातली माणसं, काल काय खाल्लं. फळ्यावरून उतरवून घेणं म्हणजे लिहिणं नव्हे. ते चित्र काढणं झालं, आणि चौथीत सुंदर अक्षर असूनही वाचता न येणारी मुलं त्यातूनच तयार होतात.

दर पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या आणि मुलं हलवा. गट हलला नाही की ती वेगळी तुकडीच झाली म्हणून समजा. गटांना ‘अ, ब, क’ म्हणू नका, मुलं अर्ध्या दिवसात ओळखतात की ‘क’ म्हणजे ढ.

तास संपला की सगळी मुलं आपापल्या इयत्तेत, मिसळून. तिथे काय बदलायचं? सगळ्यांत आधी एका सुरात ‘हो बाई’ म्हणवून घेणं थांबवा. त्या आवाजात गप्प मुलं लपतात. प्रश्न विचारा, मनात पाच मोजा, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून एकदम पाट्या वर. चार सेकंदांत दिसतं कुणाला कळलं. दुसरं, धड्यातले पाच अडणारे शब्द आदल्या दिवशी ठरवून वस्तू, चित्र किंवा अभिनयानं आधीच शिकवा. पाठाच्या टाचणात या पाच शब्दांसाठी एक ओळ ठेवली तर बाकीचं टाचण कितीही छोटं असलं तरी चालेल. हिंदी मुलांसाठी फसवे शब्द खास पाहा: ‘खाली बस’ ऐकून त्यांना ‘रिकामा’ ऐकू येतं, ‘शिक्षा’ म्हणजे त्यांना शिक्षण वाटतं, ‘कल’ त्यांच्याकडे काल आणि उद्या दोन्ही. ‘काल करून आणा सांगितलं होतं’ या वाक्यावर मूल गोंधळलं, तर तो उद्धटपणा नव्हे. तिसरं, उत्तर देण्याआधी एक-दोन मिनिटं आपल्या भाषेच्या सोबत्याशी बोलू द्या, मग मराठीत सांगायला लावा, आणि सुरुवात हाताशी द्या: ‘मला वाटतं की…’, ‘कारण…’, ‘आधी… मग…’. गावच्या मुलांनाही ही चौकट लागते. तीही एका शब्दात उत्तर देऊन बसतात.

चूक दुरुस्त करताना मूल ‘वो टेबल बडा आहे’ म्हणालं तर ‘हो, ते टेबल मोठं आहे’ एवढंच म्हणून पुढे जा. हिंदीत नपुंसकलिंग नाही, ‘ते’ अंगवळणी पडायला वेळ लागतो. वऱ्हाडी, अहिराणी किंवा मराठवाड्याच्या बोलीलाही हाच न्याय. हसणाऱ्या वर्गात मूल तोंड उघडत नाही, आणि तोंड न उघडलेलं मूल भाषा शिकत नाही.

आता तुमच्या शिक्षकांकडे येऊ. खरं तर पत्रातली सर्वांत नाजूक गोष्ट हीच आहे. दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या वर्गात तुम्ही वही घेऊन मागे बसलात की ते तयार केलेला पाठ दाखवतील, हुशार मुलांना प्रश्न विचारतील, आणि तुम्ही लॉगबुकात, म्हणजे पाठ-निरीक्षणाच्या नोंदवहीत, ‘समाधानकारक’ लिहाल. यातून कुणाचंच काही होत नाही. म्हणून उलट्या बाजूनं सुरू करा. पहिले दोन आठवडे मागच्या गटाचा तास तुम्ही घ्या आणि एकेका शिक्षकाला बघायला बोलवा. कोणत्या मुलांना कळलं नाही ते मोकळेपणानं त्या शिक्षकांनाच विचारा. त्यानंतर तुम्ही त्यांच्या वर्गात जा: रोज एक वर्ग, वीस मिनिटं, म्हणजे आठवड्यात पाचही वर्ग. मागच्या भिंतीशी बसू नका, कमी बोलणाऱ्या दोन मुलांच्या मध्ये बसा. शिक्षक काय करतात यापेक्षा ही दोघं त्या वीस मिनिटांत काय करतात ते टिपा. किती वेळा बोलली, काय लिहिलं, सूचना कळली की शेजाऱ्याचं बघून उतरवलं.

त्याच दिवशी, मुलं घरी गेल्यावर, दहा मिनिटं बोला. एकच गोष्ट. ‘तुमच्या तासाला किशनची पाटी तीनदा कोरी राहिली, कशामुळे असेल?’ असा प्रश्न ‘तुम्ही लक्ष देत नाही’पेक्षा दूर जातो, कारण त्यात दोघं मिळून किशनकडे पाहता. (नाव अर्थात उदाहरणापुरतं.) पुढच्या आठवड्यात जाताना फक्त तीच गोष्ट बघा. एका वेळी पाच सूचना दिल्यात तर एकही अमलात येणार नाही. हे बोलणं लॉगबुकात लिहू नका. लॉगबुक सत्रातून ठरलेल्या औपचारिक निरीक्षणासाठी ठेवा, आणि हा फरक पहिल्याच दिवशी सर्वांना सांगा. ज्येष्ठांपैकी कुणाचं पाढ्यांवर किंवा गोष्ट सांगण्यावर प्रभुत्व असतंच. ते ओळखून तो तास इतरांना बघायला लावा. त्यांना मान द्यायचा म्हणून हे करू नका, खरोखर चांगलं असेल तेच निवडा. खोटं कौतुक शिक्षकांना चटकन कळतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटं सगळे बसा. टेबलावर प्रत्येक वर्गातल्या त्याच तीन मुलांच्या वह्या, दर आठवड्याला त्याच. माहिती, परिपत्रकं, पोर्टल यांचा विषय त्या बैठकीत काढायचा नाही. तो निघाला की चाळीस मिनिटं त्यातच जातात.

वेळेचा हिशेब एकदा करून पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास, म्हणजे दिवसाला चार तास. लांबलेला परिपाठ, भोजनाची रांग, ‘ताबडतोब माहिती पाठवा’चे संदेश यात रोज पंचवीस मिनिटं गेली, तर वर्षाला ८३ तास होतात. ते शाळेचे वीस दिवस! परिपाठ ठरलेल्या मिनिटाला थांबवा. ऑनलाइन माहिती मुलं गेल्यावर भरायची, आणि केंद्रप्रमुखांना तसं आधीच सांगून ठेवायचं. याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. रोज हे कलम पुढे करून चालत नाही हे खरं, पण वाचनाचा तो एक तास या बळावर नक्की राखता येतो.

प्रगती विचारणाऱ्यांना टक्केवारीऐवजी हालचाल दाखवा: जूनमध्ये अक्षरांवर अडलेली इतकी मुलं, दिवाळीला त्यातली इतकी परिच्छेदावर. वर्षाच्या मधे आलेल्यांची यादी वेगळी ठेवा. जानेवारीत दाखल झालेलं मूल मार्चच्या आकड्यात सरसकट मिसळलं की शिक्षक नवीन मुलांकडे ओझं म्हणून बघायला लागतात, आणि ते तुम्हाला नको आहे.

प्रवेशाबद्दल थोडक्यात. आधीच्या शाळेचा दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही, आणि दहा वर्षांचं मूल पहिलीत बसवायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचं आहे. पहिल्या दिवशी त्याला त्याच्या भाषेचा एक आणि मराठी एक असे दोन सोबती द्या. पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे हे ते दाखवतील. ‘मला कळलं नाही’, ‘पुन्हा सांगा’, ‘मला जायचंय’ ही तीन वाक्यं त्याच दिवशी पाठ करून घ्या. नावाचा उच्चार आईकडून ऐकून घ्या.

ज्या मुली भावंडं सांभाळायला घरी राहतात, त्यांच्यासाठी समजावणीनं काही होत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी भागातल्या कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणली ती याच अडचणीमुळे. तुमच्या आवारात अंगणवाडी असेल तर तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून घेण्याबद्दल सेविकाताईंशी बोला. एका तासाच्या फरकानं मोठी बहीण आठवडाभर गैरहजर राहते.

गावच्या पालकांना सभेत भाषण देऊ नका. पाच-सहा आठवड्यांनी वाचनाच्या तासाला वर्गात बोलवा आणि त्यांचीच मुलं वाचताना ऐकू द्या. त्यांचं मूल पूर्वीपेक्षा पुढे गेलेलं दिसलं की तुकडीचा विषय मागे पडतो. ते गेलेलं नसेल तर त्यांची तक्रार रास्त आहे, आणि तो गट तुम्हीच नीट बघायला हवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणात जागा हव्यात. तुमच्या समितीत बाहेरून आलेली एकही आई नसेल, तर पुढच्या निवडीत आणा. सभेची वेळ ठरवताना कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी कधी ते विचारा, आणि निरोप चिठ्ठीऐवजी हिंदीत आवाजाचा संदेश करून पाठवा. अनेक आयांना चिठ्ठी वाचता येत नाही, फोन ऐकता येतो.

गावी जाणाऱ्या मुलांची यादी सणाच्या दोन आठवडे आधी काढा. परत येणार असतील तर नाव कमी करू नका, पुस्तक आणि दोन वह्या बरोबर द्या. कायमचे चालले असतील तर दाखला त्याच दिवशी, आणि त्यासोबत एक साधा कागद हिंदीत: मूल काय वाचतं, कोणती गणितं करतं, कोणत्या भाषेत उत्तर देतं. तिथल्या बाईंना तुमच्यासारखे पंधरा दिवस घालवावे लागणार नाहीत.